मागावर बसलेला हात

वय वाढले आणि दृष्टी मंदावली, की आपण चष्मा करून घेतो. ऐकू कमी येऊ लागले, की श्रवणयंत्राची चौकशी करतो. मात्र बोटांचा स्पर्श बोथटला, तर ती तक्रार घेऊन दवाखान्यात सहसा कोणी येत नाही. शनिवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात ही तक्रार वेगळ्याच शब्दांत येते. 'डॉक्टर, हल्ली हातातून पेला निसटतो.' 'ब्लाउजचे हूक लागत नाहीत.' 'बटव्यात हात घातला की दोनचे नाणे कोणते नि पाचचे कोणते, ते पाहिल्याशिवाय कळत नाही.' हे सांगताना बहुतेक जण थोडे ओशाळून हसतात. वय झाले, असे म्हणून स्वतःच विषय मिटवतात.

या लेखात मी तो विषय पुन्हा उघडणार आहे. आपल्या घरातील ज्येष्ठांच्या बोटांना पुन्हा कामाला लावण्याच्या एका जुन्या मार्गाविषयी मला सांगायचे आहे. तो मार्ग आहे हातमागाचा, आणि त्यातही भिन्न पोतांच्या रेशमाचा. तो मला पाठ्यपुस्तकातून सापडला नाही. माझ्या आईमुळे तो माझ्या घरात आला.

आधी स्पर्शाची थोडी माहिती करून घेऊ. आपल्या बोटांच्या टोकांत स्पर्श ग्रहण करणाऱ्या सूक्ष्म रचना दाटीवाटीने असतात. काही दाब ओळखतात, काही कंपने. तरुणपणी बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन टोचणारे बिंदू वेगवेगळे कळतात. वयोमानाप्रमाणे या रचनांची संख्या घटते, त्वचा पातळ व कोरडी होते, आणि तेच दोन बिंदू वेगळे कळण्यासाठी त्यांत अधिक अंतर लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कापडाचा बारीक पोत स्थिर बोटाला नीट कळत नाही. बोट कापडावरून सरकले, की कंपने निर्माण होतात, आणि मेंदू त्या कंपनांवरून पोत ओळखतो. म्हणूनच कापडाच्या दुकानात पदर पाहताना आपण तो चिमटीत धरून अंगठा त्यावरून फिरवतो. स्पर्शासाठी हालचाल लागते, आणि जो हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो, त्याला हळूहळू जगाची खबर लागेनाशी होते.

माझ्या आईच्या डाव्या हाताचे असेच झाले. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, तिला पक्षाघाताचा लहानसा झटका आला. मेंदूच्या खोल भागात थॅलॅमस नावाचे एक केंद्र आहे. शरीराकडून येणाऱ्या संवेदना तिथूनच पुढे जातात. त्याच्या उजव्या बाजूला इजा झाली. हातापायांतली शक्ती जवळजवळ शाबूत राहिली, बोलणे स्वच्छ राहिले, तोंड वाकडे झाले नाही. भेटायला येणारे म्हणत, 'थोडक्यात निभावले हो!' पण आईचा डावा हात तिला परका झाला होता. हात हलत होता, मूठ वळत होती. पण मुठीत काय आहे, ते डोळे मिटल्यावर तिला सांगता येत नव्हते. चहाचा कप किती तापला आहे, ते त्या हाताला समजत नसे. एकदा ती म्हणाली, "अगं, हा हात कुणीतरी माझ्याजवळ ठेवायला दिल्यासारखा वाटतो." अर्धांगवायूत हात लुळा पडला, तर तो साऱ्यांना दिसतो. संवेदना गेलेला हात कोणालाच दिसत नाही, आणि म्हणून त्याचे दुःख एकट्याचे राहते.

अशा हातासाठी संवेदनांचे पुनःशिक्षण देतात. निरनिराळ्या पोतांच्या वस्तू हाताला द्यायच्या, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, आणि ओळखायला सांगायचे. खरकागद, मखमल, कापूस, तांदळात लपवलेले बटण. हा व्यायाम शास्त्रशुद्ध आहे. त्याच्या मागचे तत्त्व असे, की मेंदूतील शिल्लक मार्ग वारंवार आणि लक्षपूर्वक वापरले, तर ते काही प्रमाणात अधिक सक्षम होतात. अडचण आहे ती 'लक्षपूर्वक' या शब्दाची. आईने हे आठ-दहा दिवस केले आणि नंतर तांदळाचे ताट बाजूला सारले. "आयुष्यभर मुलांना शिकवलं. आता मला बालवाडीत घालू नकोस," असे तिने स्पष्ट सांगितले. तिचे म्हणणे रास्त होते. ज्या कृतीला काही अर्थ नाही, तिच्यावर ऐंशीच्या उंबरठ्यावरची बुद्धिमान स्त्री मन का एकाग्र करील?

आईचे माहेर भंडाऱ्याचे. तिच्या कपाटात लग्नातली एक करवती साडी आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव या परिसरात आणि नागपूरच्या बाजूला ही साडी हातमागावर विणतात. तिचे अंग टसर रेशमाचे असते. पूर्व विदर्भाच्या जंगलांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशापासून हे रेशीम निघते. तिकडे त्याला कोसा म्हणतात. मधाच्या रंगाचे, किंचित खरबरीत, जाड-बारीक धाग्याचे असे ते कापड असते. काठ मात्र वेगळ्या, गुळगुळीत सुताचा किंवा रेशमाचा असतो, आणि अंग व काठ जिथे भेटतात, तिथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. ही नक्षी वरून भरलेली नसते. विणकर तीन धोटे चालवतो. दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. प्रत्येक ओळीत काठाचा धागा आणि अंगाचा धागा परस्परांत गुंतवला जातो. दोन स्वभावांचे धागे एकमेकांना धरून ठेवतात आणि त्या धरण्यातूनच ते दाते उमटतात.

एका दुपारी कपाट आवरताना मी ती साडी आईच्या मांडीवर ठेवली. उजव्या हाताने तिने काठ लगेच ओळखला. डाव्या हाताला काठ कुठे संपतो आणि अंग कुठे सुरू होते, ते कळेना. पण या वेळी तिने साडी बाजूला सारली नाही. पुन्हा पुन्हा ती बोट फिरवत राहिली. तांदळातल्या बटणासाठी जे कुतूहल जागे झाले नव्हते, ते कोशाच्या त्या खरबरीत अंगासाठी जागे झाले. मला तेव्हा जाणवले, की बोटांना पोत हवा असतो, तसा मनाला संदर्भ हवा असतो.

हातमाग आणि वैद्यक यांचे नाते नवे नाही. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे हात पुन्हा चालते व्हावेत म्हणून त्यांना विणकाम आणि टोपल्या वळण्याचे काम दिले जाई. १९१७ साली अमेरिकेत व्यवसायोपचाराची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आपल्याकडे हे शास्त्र आणण्याचे श्रेय कमलाबाई निंबकर यांना आहे. त्या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. लग्नानंतर महाराष्ट्राच्या झाल्या. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. या शास्त्राचा गाभा साधा आहे: माणसाला निव्वळ व्यायाम देण्याऐवजी अर्थपूर्ण काम द्यावे, त्या कामातच व्यायाम असतो. पुढे गोळ्या आणि यंत्रे वाढली, तसे रुग्णालयांतले माग बहुधा अडगळीत गेले. गाभा मात्र जुना झालेला नाही.

आमच्या व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंशी बोलून आम्ही टेबलावर मावेल असा छोटा लाकडी माग आणला. त्याला पायाने दाबायच्या पट्ट्या नसतात. हाताने उचलायची एक फणी असते. ती वर उचलली, की उभे धागे दोन थरांत विभागले जातात आणि मधून वाट निर्माण होते. त्या वाटेतून आडवा धागा गुंडाळलेला चपटा धोटा पलीकडे सारायचा. फणी खाली दाबली, की परतीची वाट तयार होते. प्रत्येक धाग्यानंतर फणी आपल्याकडे ओढून तो बसवायचा. उभे धागे म्हणजे ताणा. तो लावण्याचे किचकट काम विणकाम शिकवणाऱ्या एका मुलीने घरी येऊन करून दिले. कारण शंभराहून अधिक धागे एकेक करून फणीत ओवणे हे आईच्या हाताला आणि डोळ्यांना झेपणारे नव्हते. वीतभर रुंदीचा, गळ्याभोवती घेता येईल असा रेशमी स्कार्फ विणायचे ठरले.

आडव्या धाग्यांसाठी आम्ही तीन प्रकारचे रेशीम निवडले. पहिले तुतीचे रेशीम. एका कोशातून शेकडो मीटर लांबीचा अखंड तंतू निघतो, म्हणून ते गुळगुळीत आणि झळाळीचे असते. हातातून पाण्यासारखे निसटते. दुसरा कोसा, जाडसर आणि थोडा ताठ. तिसरे आखूड, तुटक्या तंतूंपासून कातलेले रेशीम, ज्यात मधूनमधून गाठी लागतात आणि जे सुतासारखे मऊ पण निस्तेज असते. तिन्ही रेशमेच, परंतु एकाशेजारी एक आली, की बोटांना जणू तीन आवाज ऐकू येतात. चार ओळी तुतीच्या, चार कोशाच्या, दोन गाठीदार धाग्याच्या, असा क्रम आईनेच ठरवला.

आता या कामात डाव्या हाताचे स्थान पाहा. उजव्या हाताने सारलेला धोटा पलीकडे डाव्या हातानेच घ्यावा लागतो. तो घेतला नाही, तर काम अडते. घट्ट धरला, तर धागा ताणला जाऊन कापडाची कड आत ओढली जाते. सैल धरला, तर कडेला फासा लोंबतो. म्हणजे किती जोर लावला, ते हाताला कळले नाही, तरी कापड ते दाखवून देते. डोळ्यांनी दिसलेली ती चूक पुढच्या ओळीत हात सुधारू पाहतो. घसरड्या तुतीसाठी एक पकड लागते, ताठ कोशासाठी दुसरी. प्रत्येक बदलाला हाताला पुन्हा सावध व्हावे लागते. एकाच सुताचे साधे कापड विणले असते, तर हात लवकरच सवयीने चालला असता आणि लक्ष सुटले असते. पोत बदलत राहिल्यामुळे ते सुटले नाही. आईने वीस मिनिटांत पंधरा ओळी विणल्या, तरी तो हाताचा पंधरा वेळा, मन लावून केलेला व्यायाम होता. आणि तिला कोणी 'व्यायाम कर' म्हटले नव्हते.

या तीन वर्षांत काय परत आले आणि काय नाही, ते डॉक्टर म्हणून प्रामाणिकपणे सांगते. सुमारे आठ महिन्यांनी डोळे मिटून डाव्या हाताने आईला कोसा आणि तुतीचे रेशीम वेगळे सांगता येऊ लागले. करवती साडीचा काठ आता तिला सापडतो. ब्लाउजचे हूक ती स्वतः लावते. नाणी मात्र अजून ओळखता येत नाहीत, आणि कढत भांड्याची संवेदना पुरेशी परतलेली नाही; त्यामुळे गॅसपाशी ती डावा हात पुढे करत नाही. यातले किती मागामुळे आणि किती निसर्गतः झाले, ते एका रुग्णावरून ठरवता येत नाही. परंतु एक गोष्ट निश्चित सांगता येते. पूर्वी ती 'तो हात' म्हणत असे; आता 'माझा डावा' म्हणते. पहिला स्कार्फ कडेला नागमोडी झाला आहे. धुतल्यावर तिन्ही धागे वेगवेगळे आकसले आणि कापडावर लाटांसारख्या चुण्या उठल्या. पुण्याच्या मुली दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधतात, हे आपण जाणताच. माझी मुलगी हाच बांधून जाते. आजीला त्याचा आनंद आहे आणि धुळीची काळजीही आहे.

आता हे सारे पाहणाऱ्यांविषयी, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्यांविषयी. घरातले माणूस एका ओळीसाठी दोन मिनिटे घेते, तेव्हा आपले हात शिवशिवतात. 'द्या इकडे, मी करते,' हे शब्द प्रेमाने येतात. पण त्या शब्दांनी हाताचे काम काढून घेतले जाते. आमच्याकडे दिवसभर असणाऱ्या मावशींनी यावर सुंदर तोडगा काढला. आई विणते, तेव्हा त्या शेजारी लसूण सोलत बसतात. दोघींचे हात कामात असतात, गप्पा चालतात आणि कोणी कोणाकडे रोखून पाहत नाही. चुकलेली ओळ उसवायची की तशीच ठेवायची, हे आई ठरवते. ज्यांच्या औषधांच्या वेळा, आहार, आंघोळ, सारे काही दुसऱ्यांच्या हाती गेले आहे, त्यांच्याजवळ निर्णय घेण्याजोगे काहीतरी असणे फार महत्त्वाचे आहे.

हे लिहिताना मी एक जाणीव बाळगते. जे काम माझ्या आईला वीस मिनिटे उपकारक ठरते, तेच दिवसाचे आठ-दहा तास पोटासाठी करणाऱ्यांच्या शरीरावर आघात करते. खड्ड्याच्या मागावर वाकून बसणाऱ्यांची कंबर, मान आणि गुडघे धरतात. बारीक धाग्यांनी डोळे शिणतात. टसर पिकवणाऱ्या प्रदेशांत स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या उघड्या मांडीवर धागा घासून कातत आल्या आहेत. त्या घासण्याने त्वचा सोलवटते. पैठण-येवल्याची पैठणी, छत्रपती संभाजीनगरची सुती ताण्यावर रेशीम खुलवणारी हिमरू शाल, भंडाऱ्याची करवती, यांची किंमत ऐकून आपण दुकानात भुवया उंचावतो. स्वतःच्या घरी वीतभर कापड विणून पाहिल्यापासून आमच्या घरात त्या किमतीविषयी कोणी कुरकुर करत नाही.

आपल्या घरी असे काही सुरू करायचे असेल, तर काही सूचना देते. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर प्रथम कारण शोधा. मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, मानेतील किंवा मनगटातील नस दबणे, ही नेहमीची कारणे आहेत, आणि त्यांवर उपचार आहेत. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट यांत मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटाची तपासणी अवश्य करावी. परंतु एका बाजूचा हात, पाय वा चेहरा अचानक बधिर झाला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो क्षण वाट पाहण्याचा नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारे औषध योग्य रुग्णाला साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. जितके लवकर, तितके चांगले.

मागाची उंची अशी ठेवा, की खांदे उचलावे लागणार नाहीत. खुर्चीला पाठ आणि हात असावेत, पाय जमिनीवर टेकावेत. प्रकाश बाजूने आणि भरपूर हवा. एका बैठकीस वीस मिनिटे पुरेत. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल, तर दहा. रंग गडद-फिके असे विरोधी निवडा, म्हणजे मंद दृष्टीलाही ओळ दिसते. खाली लोंबणारे धागे पायांत अडकून पडण्याचा धोका असतो, तेव्हा टोपली टेबलावरच ठेवा. संवेदना कमी असलेल्या हाताला चिमटा वा कापले, तरी कळत नाही. काम झाल्यावर तो हात डोळ्यांनी तपासा. स्मृतिभ्रंश असलेल्यांजवळ कात्री आणि सुई ठेवू नका. दम्याच्या रुग्णाला नव्या रेशमाने शिंका वा धाप लागली, तर ते लगेच थांबवून सुती आणि लोकरी धागे वापरा.

माग आणणे शक्य नसेल, तर जाड पुठ्ठ्याला दोन्ही कडांना खाचा पाडून त्यांवर सूत ताणा आणि जुन्या साड्यांच्या पट्ट्या विणा. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत दोऱ्यांचे आणि हस्तकलेच्या साहित्याचे शेकडो प्रकार मिळतात. ज्येष्ठांना सोबत नेता आले, तर न्या आणि निवड त्यांना करू द्या. त्या निवडीपासूनच बोटांचे काम सुरू होते. पट्ट्यांसाठी साडी निवडताना मात्र ती कोणाची, कधीची, हे आधी विचारा. कदाचित दुपारभर गोष्टच ऐकायला मिळेल आणि साडी पुन्हा घडी होऊन कपाटात जाईल. तसे झाले, तरी ती दुपार वाया गेली असे समजू नका.

हात हा देहाचा असा भाग आहे, की ज्याने आपण जगाला केवळ धरत नाही, तर विचारतोही: हे मऊ आहे का, हे गरम आहे का, हे माझे आहे का? वार्धक्यात उत्तरे अस्पष्ट येऊ लागतात, म्हणून प्रश्न विचारणे थांबवू नये. आपल्या घरातील आजी-आजोबांच्या हाती या आठवड्यात दोन वेगळ्या पोतांची कापडे द्या, आणि त्यांतले कोणते अधिक आवडते, एवढेच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ त्यांच्याजवळ बसून राहा.